पणजीचा डिसेंबरमधला कलामहोत्सव आणि आसपासची कलादालने: प्रथमच येणाऱ्यांसाठी

दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो आणि आठ-दहा दिवस मांडवीच्या काठचा सारा पट्टा, जुन्या सचिवालयापासून कला अकादमीपर्यंत, प्रदर्शने, नाटके, गाणे-वाजवणे आणि कार्यशाळा यांनी गजबजून जातो. उद्योजक सुनील कांत मुंजाल यांच्या सेरेंडिपिटी आर्ट्स फाउंडेशनने हा महोत्सव २०१६ साली सुरू केला. महासाथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी तो पणजीत भरला नाही, आणि २०२२ पासून पुन्हा नियमाने भरू लागला. फोंडा, डिचोली, पेडणे, सावंतवाडी, बेळगाव या भागांतली कितीतरी मराठी कुटुंबे नाटकाला आवर्जून जातात, देवळातल्या भजनी सप्ताहाला रात्र जागवतात, पण समकालीन चित्रशिल्पांच्या दालनाच्या दारातून मात्र ‘हे आपल्याला काय कळणार’ असे म्हणून मागे फिरतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मी फोंड्याहून गेली अनेक वर्षे या महोत्सवाला जाते आहे, आणि जे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, ते येथे क्रमाने लिहिते आहे.

निघण्यापूर्वी

तारखा दरवर्षी थोड्या बदलतात. २०२३ साली महोत्सव १५ ते २३ डिसेंबर असा झाला, २०२४ साली १५ ते २२ डिसेंबर, तर २०२५ साली दशकपूर्तीच्या निमित्ताने तो १२ ते २१ डिसेंबर असा दहा दिवसांचा ठरला. त्यामुळे आधी महोत्सवाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या तारखा आणि कार्यक्रमपत्रिका पाहावी, आणि मगच रजेचा अर्ज करावा. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, मात्र नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी घरूनच करून ठेवली आणि मोबाइलवर येणारा कोड जपून ठेवला, तर प्रत्येक दारातला वेळ वाचतो. कार्यशाळा, काही नाटके आणि मार्गदर्शकासह होणाऱ्या फेऱ्या यांच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांची नोंदणी वेगळी करावी लागते. या जागा लवकर भरतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका हाती आल्याच्या दिवशीच निवड करावी.

दिवस निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन असतो, त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे आणि नाताळचे पर्यटकही तोवर येऊ लागलेले असल्यामुळे पणजीत पाय ठेवायला जागा उरत नाही. शनिवार-रविवारीही गर्दी असते. ज्यांना चित्रे शांतपणे पाहायची आहेत त्यांनी मंगळवार-बुधवारसारखा आडवार निवडावा आणि दालने उघडतात त्या वेळेला दारात हजर असावे. ज्यांना संध्याकाळच्या मोठ्या मैफलीच ऐकायच्या आहेत त्यांनी गर्दी गृहीत धरूनच यावे. मुक्कामाची सोय महिनाभर आधी करावी, कारण डिसेंबरात खोल्यांचे दर चढतात. फोंडा, म्हापसा किंवा मडगाव येथे कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे उतरून रोज बसने येणे हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे.

पणजीत पोहोचणे आणि फिरणे

स्वतःची गाडी शक्यतो आणू नये. बाहेरगावाहून येणाऱ्यांना कोकण रेल्वेची करमळी आणि थिवी ही स्थानके सोयीची आहेत. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवरून पणजीपर्यंत बस मिळते. कदंब बसस्थानकावर उतरल्यावर पाटो पूल ओलांडून नदीकाठाने दयानंद बांदोडकर मार्गावर चालू लागले, की डाव्या हाताला आधी जुने सचिवालय, पुढे जुने गोवा मेडिकल कॉलेज आणि शेवटी उजव्या हाताला, कांपालच्या झाडीत, कला अकादमी लागते. हे सगळे अंतर साधारण तीन किलोमीटरांचे आहे. सकाळच्या वेळी ते चालत जाणे सुखाचे असते, पण दुपारी डिसेंबरातही पारा तिशीच्या वर जातो, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. एकट्या माणसाला घाई असेल तर पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाला, सर्वांत लवकर पोहोचवतो. भाडे मात्र बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

पायांत सवयीची चप्पल किंवा बूट असावेत. दिवसभरात दहा-बारा हजार पावले सहज होतात. पाठीवरची मोठी पिशवी टाळावी, कारण अरुंद दालनात वळताना तिचा धक्का एखाद्या कलाकृतीला लागू शकतो. एक लहान वही आणि पेन्सिल मात्र जरूर न्यावी. ती कशासाठी, ते पुढे येईलच.

दारात अडखळणाऱ्यांसाठी

महोत्सवात चौकटीतली चित्रे असतात, छायाचित्रे असतात, पण सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मांडणशिल्पांपाशी, ज्यांना सगळे इन्स्टॉलेशन म्हणतात. खोलीभर दोऱ्या टांगलेल्या असतात, जमिनीवर मातीचे ढीग असतात, कोपऱ्यातून कुणाचा तरी आवाज येत असतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की यात कला कुठे आहे.

गोव्यातल्या माणसाला हा प्रश्न खरे तर पडू नये. चतुर्थीला गणपतीवर आपण जी माटोळी बांधतो, ती दुसरे काय आहे? लाकडी चौकट छताला टांगायची, तिला नारळ, सुपारीचे घड, रानातली कांगले, घागऱ्या आणि त्या ऋतूत जे जे उगवले ते बांधायचे, कोणते फळ कुठे शोभेल याचा विचार करायचा, खाली बसलेल्या माणसाने मान वर करून पाहावे अशी सगळी योजना करायची आणि सण संपला की ती उतरवायची. ती विकत घेता येत नाही, भिंतीवर लावता येत नाही, त्या जागेशिवाय आणि त्या ऋतूशिवाय तिला अर्थ नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लीगल्लीत उभा राहणारा आणि पहाटे जाळला जाणारा नरकासुर, किंवा त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापूर येथे नदीत सोडल्या जाणाऱ्या सजवलेल्या होड्या, यांचेही तसेच आहे. वस्तू, जागा, वेळ आणि पाहणारा या चारांची मिळून होणारी कला आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. दालनात शिरताना एवढे मनात धरले, तरी निम्मा संकोच गळून पडतो.

माझ्या सासूबाईंना मी एकदा आग्रहाने बरोबर नेले होते. बांबूच्या एका मोठ्या मांडणीपाशी त्या थांबल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटले, कंटाळल्या. मग त्यांनी विणीवर बोट न लावता, हवेतच बोट फिरवून मला दाखवले की अमुक ठिकाणी सूप विणताना घालतात ती वीण आहे आणि तमुक ठिकाणी मुद्दाम ती उलटी केलेली आहे. मी त्या दालनातून दोनदा फिरले होते आणि मला ते दिसले नव्हते. समकालीन कला समजायला इंग्रजी पुस्तके वाचावी लागतात हा समज माझ्या मनातून त्या दिवशी कायमचा गेला. हाताने काम केलेल्या माणसाचे डोळे अनेकदा आपल्यापेक्षा तयार असतात. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्हाला तिथे कंटाळा येईल’ असे म्हणून मागे ठेवू नये.

पहिला दिवस: जुने मेडिकल कॉलेज

सुरुवात येथूनच करावी, असे मी निक्षून सांगेन. दृश्यकलेची प्रदर्शने बहुतेक वर्षी याच इमारतीत सर्वांत जास्त असतात, आणि सकाळी डोळे व पाय ताजे असतात. १८४२ साली स्थापन झालेली येथील वैद्यकीय शाळा ही आशियातल्या पाश्चात्त्य वैद्यकाच्या सर्वांत जुन्या शाळांपैकी एक होय. २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा या परिसराची डागडुजी झाली. उंच छते, जाड भिंती आणि एकातून दुसरीत उघडणाऱ्या खोल्या अशी तिची रचना आहे. जेथे एके काळी रुग्ण आणि विद्यार्थी वावरले तेथे आता कलाकृती मांडलेल्या असतात, आणि चांगला कलावंत ही आठवण वापरून घेतो. म्हणून कलाकृतीबरोबर खिडकीही पाहावी, जमीनही पाहावी.

पाहण्याची माझी रीत अशी आहे. प्रथम एका मजल्यावरून काहीही न वाचता सरळ फिरून यायचे. याला वीसेक मिनिटे लागतात. कशापाशी पाय आपोआप मंदावले, ते लक्षात ठेवायचे. मग परत मागे जाऊन त्यातल्या फक्त तीन-चार कलाकृती निवडायच्या आणि प्रत्येकीपाशी किमान पाच मिनिटे थांबायचे. पाच मिनिटे हा काळ ऐकायला लहान वाटतो, पण घड्याळ लावून पाहिले तर कळते की एरवी आपण एका चित्रापाशी काही सेकंदच घालवतो. पहिल्या मिनिटात विषय दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटात ते कशाचे आणि कसे केले आहे ते दिसू लागते, आणि त्यानंतर हे असेच का केले असेल हा प्रश्न मनात उभा राहतो. माहितीफलक त्या प्रश्नानंतर वाचावा. आधी फलक वाचला की डोळे फलकात लिहिलेलेच शोधत बसतात.

फलकावरच्या काही गोष्टी समजून घेणे उपयोगाचे आहे. कलावंताचे नाव आणि शीर्षक यांच्यानंतर येते ते वर्ष. जुन्या वर्षाची कलाकृती असेल तर ती कुणाच्या तरी संग्रहातून आणलेली असते आणि तसे ‘सौजन्य’ या शब्दापुढे लिहिलेले असते. माध्यम या सदरात तैलरंग, जलरंग, कापड, ध्वनी असे लिहिलेले असते, आणि ‘मिश्र माध्यम’ असे लिहिले असेल तर अनेक साहित्ये एकत्र वापरलेली आहेत असे समजावे. मापे देताना रिवाजाने आधी उंची, मग रुंदी आणि शिल्प असेल तर शेवटी खोली देतात. छापचित्र (ठशावरून कागदावर छापलेले चित्र) किंवा छायाचित्राखाली ३/१० असा अपूर्णांक दिसला तर एकूण दहा प्रतींपैकी ती तिसरी प्रत आहे असा त्याचा अर्थ होतो. शेवटी क्युरेटरचे टिपण असते. क्युरेटर म्हणजे कलाकृतींची निवड करून त्यांची संगती लावणारी व्यक्ती. या महोत्सवात दृश्यकला, छायाचित्रण, हस्तकला, पाककला, नाट्य, संगीत, नृत्य अशा प्रत्येक शाखेसाठी वेगवेगळे क्युरेटर नेमलेले असतात. त्यांची टिपणे कधीकधी जड असतात. एकदा वाचून अर्थ लागला नाही तर तेथे अडून राहू नये, पुन्हा कलाकृतीकडे वळावे.

अंधाऱ्या खोलीत चालणाऱ्या व्हिडिओंपाशी लोक सर्वांत जास्त चुकतात. मध्येच शिरतात, दोन मिनिटे पाहतात आणि निघून जातात. कीर्तनाचा पूर्वरंग संपता संपता येऊन उत्तररंगाआधी उठून जावे तसेच ते होते. दारावर कालावधी लिहिलेला असतो. तो पाहून, सुरुवात केव्हा होते ते स्वयंसेवकाला विचारून, वेळ असेल तर पूर्ण बसावे आणि वेळ नसेल तर ती खोली सरळ सोडून द्यावी.

स्वयंसेवकांना विचारायला बिचकू नये. त्यांच्यात कलामहाविद्यालयांतली मुले-मुली पुष्कळ असतात, दिवसभर त्या एकाच दालनात उभी असतात आणि त्यांना त्या कलाकृतीविषयी फलकापेक्षा जास्त माहिती असते. मराठीत किंवा कोकणीत विचारले तर बहुधा त्याच भाषेत उत्तर मिळते. ‘याला हात लावला तर चालेल का’ हा प्रश्नही मोकळेपणाने विचारावा. काही मांडण्या मुद्दाम हाताळण्यासाठीच केलेल्या असतात. जेथे तशी मुभा नाही तेथे मात्र एक बोटही लावू नये, कारण हाताचा घाम आणि तेल कागदावर, कापडावर व धातूवर राहून जाते आणि त्याचा डाग पुढे कित्येक महिन्यांनी उमटतो. छायाचित्रे काढायची झाल्यास फ्लॅश बंद ठेवावा.

आणि आता वही. दालनातून बाहेर पडल्यावर ओसरीत बसून, पाहिलेल्या प्रत्येक कलाकृतीविषयी एकच ओळ मराठीत लिहावी: काय होते, कशाचे होते, आणि मनात काय राहिले. आवडले नसेल तर का आवडले नाही, तेही लिहावे. पहिल्या वर्षी मी एका दिवसात सगळी स्थळे पालथी घातली, शेकड्याने फोटो काढले, आणि रात्री फोंड्याला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर एकही कलाकृती नीट आठवेना. दुसऱ्या वर्षी मी नऊच गोष्टी पाहिल्या आणि नऊ ओळी लिहिल्या. त्या नऊही मला आज आठवतात.

दुपार आणि संध्याकाळ

दुपारी दोन तास विश्रांती घ्यावी. शहराच्या जुन्या भागातल्या कोणत्याही साध्या हॉटेलात भाजी-पाव, बन्स किंवा मासळीची थाळी मिळते, आणि आझाद मैदानाच्या आसपास सावलीही मिळते. लहान मुले बरोबर असतील तर दुपारनंतर त्यांना कार्यशाळेत किंवा कांपालच्या बागेतल्या मोकळ्या कार्यक्रमांना न्यावे. सकाळच्या दालनात तासाभरापेक्षा जास्त वेळ मुले टिकत नाहीत आणि त्यांना टिकवण्याचा हट्टही धरू नये.

ऊन उतरल्यावर कला अकादमीकडे निघावे. ही वास्तू चार्ल्स कोरिया यांनी आराखडलेली आहे, आणि रस्त्यावरून आत शिरून थेट मांडवीच्या काठापर्यंत कोणत्याही बंद दाराशिवाय चालत जाता यावे अशी तिची योजना आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव असलेल्या तिच्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी रंगवलेले प्रेक्षक बसलेले आहेत, तेव्हा प्रयोगाच्या आधी दहा मिनिटे पोहोचून ते जरूर पाहावेत. मंगेशीच्या या सुपुत्राच्या नावाच्या रंगमंदिरात बसून नवे नाटक पाहताना मला दरवेळी भरून येते, हे येथे सांगायला हरकत नाही.

संध्याकाळच्या मोठ्या मैफली अनेकदा नागाळी हिल्सच्या मैदानावर होतात, आणि ते शहराच्या मध्यापासून दूर, दोना पावलाच्या बाजूला आहे. तेथे जायचे असेल तर परतीचे वाहन आधी ठरवून ठेवावे, कारण रात्री उशिरा बस मिळत नाही. फोंडा-डिचोलीकडे परतणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ सकाळीच बसस्थानकावर विचारून ठेवावी आणि मैफल कितीही रंगली तरी त्या वेळेला उठावे.

जुने सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा राजवाडा, दुसऱ्या दिवसाच्या सकाळीही पाहता येतो. यूसुफ आदिलशहाचा हा वाडा १५१० साली पोर्तुगिजांच्या हाती गेला, १७५९ पासून तेथे व्हाइसरॉय राहू लागले आणि मुक्तीनंतर पर्वरीची नवी इमारत होईपर्यंत गोव्याची विधानसभा येथेच भरत असे. त्याच्या शेजारीच संमोहनविद्येचे गोमंतकीय अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली केलेला हा पुतळा महोत्सवाच्या कोणत्याही पत्रिकेत नसतो, पण संमोहित होऊन मागे कलंडणारी स्त्री आणि तिच्यावर झुकलेला फारिया यांच्या मधली ती रिकामी जागा पाहायला मी प्रत्येक पाहुण्याला थांबवते.

दुसरा दिवस: शहरातली कायमची दालने

महोत्सव देशभरातले नवे काम आणतो. गोव्याने स्वतः काय रंगवले ते मात्र महोत्सवात पुरेसे दिसेलच असे नाही. म्हणून एक संपूर्ण दिवस शहरातल्या कायमच्या दालनांसाठी राखावा. माझ्या दृष्टीने हा दिवस पहिल्या दिवसाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक लोक तो गाळतात याचे मला मनापासून वाईट वाटते. अनेक खाजगी दालने रविवारी बंद असतात, काहींना दुपारची सुट्टी असते, तेव्हा आदल्या दिवशी दूरध्वनी करून वेळ विचारावी.

सकाळी आझाद मैदानाशेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनापासून सुरुवात करावी. १८७१ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांची मोठी चित्रे आहेत. जॉर्ज कोलासू यांनी ती १९३५ साली केली आणि त्यांत वास्को द गामाच्या प्रवासावरील पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग आहेत. जेत्यांनी आपली कहाणी आपल्या भिंतींवर कशी लिहिली, हे दहा मिनिटांत दिसते.

तेथून चालत फोंतेन्हास ही जुन्या रंगीत घरांची वस्ती गाठावी. येथील फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांचा संग्रह आहे, आणि या संपूर्ण लेखातून वाचकाने एकच जागा निवडायची असेल तर मी हीच सांगेन. त्रिंदाद १८७० साली सांग्याला जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तेथेच त्यांनी शिकवले आणि १९३५ साली वारले. त्यांची व्यक्तिचित्रे पाश्चात्त्य वास्तववादी शिस्तीतली आहेत, पण समोर बसलेली माणसे घरची आहेत: पत्नी, नातलग, ओळखीचे चेहरे. कपाळावर आणि हाताच्या पाठीवर पडलेला उजेड जवळून पाहावा, मग पाच पावले मागे येऊन पुन्हा पाहावा. जवळून जे नुसते रंगाचे फटकारे वाटतात ते लांबून त्वचा होतात. त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद यांचीही चित्रे येथे आहेत. वडिलांच्या शिस्तीतून बाहेर पडून भारतीय रेषेत ख्रिस्ती विषय रंगवण्याकडे ती कशी वळली, हे एकाच छताखाली पाहता येते.

फोंतेन्हासच्या गल्ल्यांतच गीतांजली हे दालन आहे. तेथे जाताना एवढे मात्र ध्यानात ठेवावे की ही रंगीत घरे लोकांची राहती घरे आहेत. उंबऱ्यावर चढून, खिडकीला टेकून फोटो काढणाऱ्यांमुळे तेथील रहिवासी त्रासले आहेत. आपल्या घराच्या पायरीवर परक्याने बसावे असे आपल्याला वाटणार नाही, तसेच त्यांनाही वाटत नाही.

दुपारनंतर आल्तिनोच्या टेकडीवर चढावे. वाट चढणीची असल्याने वयस्कर मंडळींनी रिक्षा करावी. येथे २००९ साली सुरू झालेले सुनापरान्त हे कलाकेंद्र एका जुन्या बंगल्यात असून त्याच्या अंगणात आणि खोल्यांत बदलती प्रदर्शने असतात. जवळच १९७२ साली स्थापन झालेले गोवा कला महाविद्यालय आहे, ज्याचे प्राचार्यपद मडगावचे लक्ष्मण पै यांनी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे सांभाळले. विद्यार्थ्यांचे प्रदर्शन लागलेले असेल तर ते चुकवू नये. पुढच्या काही वर्षांनी महोत्सवात ज्यांची नावे दिसतील, ती मुले येथेच सापडतात.

तिसरा दिवस: मांडवीपलीकडे

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी नदी ओलांडावी. पणजीहून बेतीला फेरीबोट जाते, पायी प्रवाशाला भाडे पडत नाही, आणि पाण्यावरून दिसणारी पणजी पुलावरून दिसणाऱ्या पणजीपेक्षा कितीतरी शांत असते. पुढे मात्र रिक्षा किंवा टॅक्सी लागेल, आणि तीन-चार जणांनी मिळून ती दिवसभरासाठी ठरवली तर परवडते.

पर्वरीजवळच्या तोर्डा गावात वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेले, जहाजाच्या आकाराचे गोव्यातील घरांचे संग्रहालय आहे. शिंपल्यांची तावदाने, दारांच्या चौकटी आणि बलकांव, म्हणजे दारापुढची बैठकीची ओटी, यांची रचना तेथे समजते, आणि त्यानंतर रस्त्याने जाताना जुनी घरे वेगळी दिसू लागतात. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकर यांनी २०१५ साली उघडलेले म्युझियम ऑफ गोवा आहे. केरकर हे पेशाने डॉक्टर होते. समुद्र, शिंपले, जुन्या होड्या आणि पोर्तुगिजांबरोबर आलेली मिरची यांतून ते गोव्याचा इतिहास मांडतात. मुलांना नेण्यासाठी ही सर्वांत योग्य जागा आहे, कारण मिरची कुठून आली या प्रश्नावर मुलेही बोलू लागतात आणि आजीही बोलू लागते. दोन्ही ठिकाणी तिकीट आहे.

अभ्यासू वाचकांनी पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आधी परवानगी मागावी. आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) यांच्या चित्रांचा संग्रह या केंद्राकडे आहे. सांतो इस्तेव्हचे हे चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूरांकडे शिकले आणि त्यांनी मेरीला साडी नेसवून, सावळ्या रंगात रंगवले. त्यांच्या काळात हे अनेकांना रुचले नाही. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार घेतला तो त्यानंतरचा टप्पा. त्रिंदाद, फोन्सेका आणि सोझा ही तीन नावे या क्रमाने डोक्यात ठेवली की गोव्याच्या चित्रकलेचा कणा हाती लागतो.

चित्र विकत घ्यायचे असेल तर

महोत्सव हा विक्रीचा मेळा नाही. दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरमध्ये दालनवाले चित्रे विकायला बसतात, तसे पणजीत नसते; येथे प्रदर्शनातल्या कलाकृतीची किंमत विचारण्यात अर्थ नाही. खाजगी दालनात मात्र किंमत विचारायला मुळीच लाजू नये. तो त्यांचा व्यवसाय आहे, आणि प्रत्येक विचारणाऱ्याने घेतलेच पाहिजे अशी त्यांची अपेक्षा नसते. किंमत करासह आहे की कर वेगळा, चौकट धरून आहे की चौकटीशिवाय, हे स्पष्ट करून घ्यावे. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर कलावंताचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम व माप लिहून घ्यावे. कलाकृती अस्सल असल्याचे प्रमाणपत्र दालनाच्या सहीशिक्क्यासह मागावे. पहिल्याच खरेदीत मोठ्या कॅन्व्हासच्या मागे लागण्याऐवजी एखादे छापचित्र किंवा लहान रेखाटन घ्यावे, असे मी सुचवेन. प्रतीचा क्रमांक आणि पेन्सिलीने केलेली सही छापाच्या खालच्या कडेला असते. ती पाहून घ्यावी.

गोव्यात किंवा कोकणात राहणाऱ्याने खरी काळजी घ्यायची ती घरी गेल्यावर. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात कागदावर बुरशीचे पिवळे-तपकिरी ठिपके उठतात आणि ते पुन्हा जात नाहीत. चौकट करताना आम्लरहित पुठ्ठाच वापरायला सांगावा, आणि चित्राचा कागद काचेला चिकटणार नाही इतकी जागा मधल्या पुठ्ठ्याने राखून घ्यावी. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या भिंतीवरही नको, आणि जेथे दुपारचे ऊन थेट पडते तेथेही नको. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा चित्र उतरवून त्याची पाठ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. वास कोंदट येत असेल तर ते दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यावर, सावलीत ठेवावे, उन्हात कधीही नाही.